कोऱ्या पानांची वही : प्रस्तावना

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांच्या हाती जी पाठ्यपुस्तकं आली, त्यांत एक नवी गोष्ट होती. धड्यांना जोडून कोरी पानं होती आणि त्यांवर ‘माझी नोंद’ असं छापलं होतं. वर्गात जे ऐकलं, सुचलं, अडलं ते मुलांनी तिथल्या तिथे टिपावं आणि दप्तराचं ओझंही कमी व्हावं, असा त्यामागचा हेतू. दोन वर्षांत हा प्रयोग गुंडाळला गेला. पानांचा अपेक्षेप्रमाणे उपयोग होत नाही, मुलं वेगळ्या वह्या आणतच आहेत, असं दिसलं आणि २०२५-२६पासून पुस्तकं पुन्हा पूर्वीसारखी झाली. मी चाळलेल्या पुस्तकांत ही पानं एक तर रिकामी होती, नाहीतर फळ्यावरचे शब्दार्थ त्यांवर उतरवलेले होते. कोपऱ्यात बाईंची सही. ‘माझी’ म्हणावी अशी नोंद फार क्वचित सापडली.

या प्रयोगाला नावं ठेवण्याचं कारण नाही. उलट, सरकारी छपाईत मुलाच्या स्वतःच्या शब्दासाठी जागा सुटली, ही आपल्याकडे मोठीच गोष्ट म्हणायची. पण कोरं पान दिलं म्हणून मूल लिहू लागत नाही. ते पान कोणाचं आहे आणि ते वाचून कोण काय करणार आहे, हे मूल आधी ताडतं. तपासलं जाणार असेल तर ते तपासनिसासाठी लिहितं, म्हणजे जेमतेम लिहितं. या पुस्तकाचा सगळा भर या एका गोष्टीवर आहे. मुलांना लिहायचा कंटाळा नसतो, तपासून घ्यायचा असतो. वहीला वाचक मिळाला की वही भरते.

कोणती वही म्हणता आहोत, ते आधी सांगतो. ही निबंधाची वही नव्हे, शुद्धलेखनाची नव्हे आणि सकाळी उठलो, दात घासले, शाळेत गेलो अशी रोजची हजेरी लावणारी डायरीही नव्हे. या वहीत चित्र असेल, चित्राखाली दीड ओळ असेल, एसटीचं तिकीट चिकटवलेलं असेल, आजीने दिलेली शिवी असेल, न पाठवलेलं पत्र असेल, मुंग्यांच्या रांगेचा नकाशा असेल, अर्धी सोडलेली भुताची गोष्ट असेल. एखाद्या पानावर नुसती रेघोट्यांची गिचमीड असेल आणि ती का काढली हे मूल सांगणार नाही. इंग्रजीत तिला क्रिएटिव्ह जर्नल म्हणतात. आपल्याकडची मुलं तिला ‘माझी वही’ म्हणतात. या पुस्तकात मी तेच नाव वापरलं आहे.

आपल्याकडे वहीचं जुनं नातं हिशेबाशी आहे. पेशव्यांच्या रोजनिशा गणेश चिमणाजी वाड यांनी निवडून काढल्या. त्यांत नेमणुका, खर्च, इनामं, तंटे आहेत. कोणाला काय वाटलं, हे लिहिण्याची ती जागाच नव्हती. वाण्याची वही, सावकाराची वही, दिवाळीत पूजा होते ती वही, साऱ्या देण्याघेण्याच्या. पुढे इंग्रजी अमदानीतल्या शाळांनी निबंध आणला आणि वहीत हिशेबाच्या जागी उपदेश आला. परोपकाराचे महत्त्व, वेळेचे मोल, फाटक्या पुस्तकाचे मनोगत. आजही दहावीचा मुलगा ‘सूर्य उगवला नाही तर’ या विषयावर पाठ केलेला निबंध लिहितो. त्यात त्याच्या गावातला सूर्य कुठेच नसतो.

तरी मराठीत मुलाच्या स्वतःच्या लिहिण्याचा एक दाखला इतका जुना आणि इतका धारदार आहे, की त्यापुढे बाकीचं फिकं वाटावं. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिचं वय चौदाच्या आसपास. शाळेत जाऊन तिला अवघी काही वर्षं झाली होती. तिने विषय घेतला तो आपल्या लोकांच्या जगण्यातला. धर्माला, राज्यकर्त्यांना, शिकलेल्यांना थेट प्रश्न विचारले. कोणीतरी तिला सांगितलं असणार की तुला जे दिसतं ते लिही, आणि ते लिहिल्यावर कोणीतरी ते गांभीर्याने वाचलं असणार. या दोन गोष्टी तिच्या शिक्षकांनी केल्या. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत आपल्या शाळांनी त्या किती वेळा केल्या, याचा हिशेब ज्याने त्याने मांडावा.

मधल्या काळात बेटं मात्र होती. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवताना साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. पुढे १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. शिक्षक स्वतः रोज लिहितो, हे मुलं डोळ्यांनी पाहत होती. लिही म्हणून दहादा सांगण्यापेक्षा त्याचं वजन वेगळं. गांधीजींच्या आश्रमात लहानथोर सगळ्यांना रोजनिशी ठेवावी लागे. मनुबेन गांधींची रोजनिशी तर ते स्वतः वाचून तिच्यावर सही करत. आत्मपरीक्षणाची ही वही. ती मोठी शिस्त आहे, पण मुलाच्या वहीसाठी मला ती जड वाटते. रोज स्वतःला जाब विचारायचा म्हटलं की सातव्या-आठव्या वर्षी माणूस खोटं लिहायला शिकतो.

मला जवळचं वाटतं ते आपल्या शाळांतलं हस्तलिखित. दर वर्षी एखाद्या उत्साही बाई किंवा सर मुलांकडून कविता, कोडी, विनोद, प्रवासवर्णनं जमवत. चांगल्या अक्षराची मुलं ती कार्डशीटवर उतरवत, चित्रकलेचे सर मुखपृष्ठ रंगवत आणि स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होई. मग हस्तलिखित मुख्याध्यापकांच्या कपाटात जाई, ते कायमचं. त्यात सुंदर अक्षराची मुलं पुढे आणि बाकीची मागे, हा दोष होताच. तरी आपलं लिहिलेलं दुसरं कोणी वाचणार ही चव अनेकांना तिथे पहिल्यांदा लागली. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ साली सुरू झालं, भोपाळच्या एकलव्य संस्थेचं ‘चकमक’ १९८५ साली. ‘चकमक’मधलं ‘मेरा पन्ना’ हे सदर मुलांच्याच लिहिण्या-चितारण्यासाठी राखलेलं. त्याच वर्षी कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलाच्या अनुभवातून भाषा कशी फुटते, हे त्या शाळेने शांतपणे दाखवून दिलं. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी, कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केलेलं काम याच वाटेवरचं. या पुस्तकावर त्या साऱ्यांचं ऋण आहे, ते इथेच नोंदवतो.

जगात या विषयाचे चार-पाच प्रवाह आहेत. नव्या वाचकाला ते एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात, कारण बाजारातल्या ‘जर्नल’मध्ये सगळ्यांचा थोडाथोडा अर्क घातलेला असतो. ते वेगळे ओळखता आले, तर आपल्या मुलासोबत नेमकं काय करायचं हे ठरवणं सोपं जातं.

पहिला प्रवाह शाळेतल्या मुक्त लेखनाचा. याची एक सुरुवात टॉलस्टॉयपाशी आहे. यास्नाया पोल्याना या आपल्या गावी त्याने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली होती. १८६२ साली त्याने एक लेख लिहिला आणि त्यात थेट विचारलं, की लिहायला कोणी कोणाकडून शिकायचं, या मुलांनी आमच्याकडून की आम्ही या मुलांकडून? एवढ्या मोठ्या लेखकाने हे विचारावं, याला अर्थ आहे. त्याच्या पुढचं पाऊल फ्रान्समधल्या सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकाचं. पहिल्या महायुद्धात छातीला गोळी लागून तो जायबंदी झाला होता. वर्गात तासन् तास बोलणं त्याला झेपेना. मग तो मुलांना घेऊन गावात फिरायला जाई. परतल्यावर मुलं पाहिलेलं सांगत, लिहीत. १९२४ साली त्याने वर्गात एक छोटा छापखाना आणला. खिळे जुळवून मुलं आपलंच लिहिणं छापू लागली आणि दूरच्या शाळेतल्या मुलांना पाठवू लागली. दुसऱ्या शाळेतला आपल्याच वयाचा अनोळखी वाचक! शुद्धलेखनाची काळजी तेव्हा मुलंच करू लागली, कारण खिळा चुकीचा बसला तर सगळ्या प्रतींत चूक जाणार.

न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अॅश्टन-वॉर्नर माओरी मुलांना शिकवत होती. तिचं ‘टीचर’ हे पुस्तक १९६३चं. सकाळी एकेका मुलाला ती विचारी, आज तुला कोणता शब्द हवा? मूल जो शब्द मागेल तो ती जाड कागदावर लिहून त्याच्या हाती देई. भीतीचे, मायेचे, भांडणाचे शब्द. दुसऱ्या दिवशी मुलाला तो वाचता आला नाही तर कागद टाकून द्यायचा, कारण तो शब्द त्याचा नव्हताच. आपल्या बालवाडीतल्या ‘कमळ’, ‘बदक’च्या तक्त्यांपुढे हे ठेवून पाहावं.

या प्रवाहातलं सर्वांत थरारक प्रकरण जपानचं आहे. आपल्याकडे ते फारसं कोणी सांगत नाही, म्हणून थोडं थांबतो. १९२०-३०च्या दशकांत तिथल्या गरीब ईशान्य भागातले शिक्षक मुलांना म्हणू लागले, पुस्तकी निबंध नकोत, आपल्या घरचं जसं आहे तसं लिहा. घरात काय शिजलं, वडील कुठे मजुरीला गेले, भाव का पडला. या चळवळीला जगण्याचं लेखन म्हणावं. मुलांच्या वह्यांत गरिबीची कारणं उमटू लागली आणि १९४० साली यातल्या अनेक शिक्षकांना अटक झाली. युद्धानंतर यामागाता प्रांतातल्या एका डोंगरी गावात मुचाकु सेइक्यो या तरुण शिक्षकाने तीच परंपरा उचलली. त्याच्या वर्गातल्या मुलांचं लेखन ‘यामाबिको गाक्को’ या नावाने १९५१ साली पुस्तकरूपाने आलं आणि देशभर गाजलं. त्यात एका मुलाने आईच्या मृत्यूविषयी लिहिलं आहे. रडगाणं नाही. आई गेल्यावर घर कसं चालणार, तंबाखूच्या पिकातून किती मिळणार, खर्च किती, शाळेत येणं जमणार का, हे तो आकड्यांनिशी मांडतो. वहीचं हिशेबाशी असलेलं नातं मघाशी सांगितलं. इथे ते नातं एका पोरक्या मुलाच्या बाजूने उभं राहिलं. मुलांची वही म्हणजे फुलपाखरं आणि इंद्रधनुष्य, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा दाखला विसरू नये. विदर्भात किंवा मराठवाड्यात बसून वही लिहिणाऱ्या मुलाकडे याहून वेगळं काय असणार?

दुसरा प्रवाह चित्राचा. व्हिएन्नात फ्रान्झ सिझेक याने १८९७ साली मुलांसाठी कलावर्ग सुरू केला आणि मुलांना मोठ्यांची नक्कल करायला लावू नये, असा आग्रह धरला. पुढे व्हिक्टर लोवेनफेल्डने १९४७च्या आपल्या पुस्तकात मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या मांडल्या. दोन ते चार या वयात रेघोट्या, मग डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसं, मग ठरावीक घर-झाड-सूर्य. नवव्या वर्षाच्या सुमारास मुलाला एकदम वाटू लागतं की आपलं चित्र खऱ्यासारखं दिसत नाही. इथे पुष्कळ मुलं चित्र काढणं सोडून देतात, ती पुन्हा कधीही काढत नाहीत. याच सुमारास, म्हणजे तिसरी-चौथीत, आपण त्यांना सांगतो, ‘आता चित्रं पुरे, लिहायला लाग.’ रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीने १९३० साली लिहिलेल्या छोट्या पुस्तकात मुलाच्या कल्पनेचा चित्राकडून शब्दाकडे होणारा हा प्रवास उलगडून दाखवला आहे. वहीत दोन्ही शेजारी राहू दिली तर तो सोपा होतो. म्हणून या पुस्तकात रेघांची वही वापरू नका असं वारंवार सांगितलं आहे. दुरेघी-चौरेघी वही हातात आली की मुलाचा हात शाळेत जातो.

तिसरा प्रवाह निसर्गनोंदींचा. इंग्लंडमध्ये शार्लट मेसन या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी मुलांनी बाहेर फिरून आल्यावर पाहिलेलं पान, पक्षी, किडा वहीत चितारून ठेवावा, असा परिपाठ घातला. आपल्याला मात्र उदाहरण शोधायला लांब जायला नको. मुंबईच्या खेतवाडीत नऊ-दहा वर्षांचा सलीम अली हातात छऱ्यांची बंदूक घेऊन घोड्यांच्या तबेल्यातल्या चिमणीच्या घरट्यावर टपून बसला होता. घरट्याबाहेर खिळ्यावर बसलेला नर त्याने टिपला. थोड्या वेळाने पाहतो तो मादीने दुसरा नर आणलेला. तोही टिपला. आठवडाभरात असे आठ नर मारले गेले आणि दर वेळी नवा हजर झाला. या मुलाने ते लिहून ठेवलं. ही नोंद साठेक वर्षांनी पक्षीनिरीक्षकांच्या एका पत्रिकेत जवळजवळ जशीच्या तशी छापली गेली. त्यात करुणा नाही, सुविचार नाही. आजच्या पालकाने वाचली तर तो दचकेल आणि ‘हे काय लिहिलंस’ म्हणून पोराला रागावेल. पण पाहिलेलं नेमकं टिपणं आणि त्यातून प्रश्न पडणं, हे भारतातल्या सर्वांत मोठ्या पक्षीशास्त्रज्ञाच्या वहीत त्या वयात होतं. (बंदूक नको, हे वेगळं सांगायला नको.) व्यंकटेश माडगूळकर किंवा मारुती चितमपल्ली यांचं लेखन ज्यांना आवडतं त्यांना ठाऊक आहे, की रानात राहून केलेल्या बारीकसारीक नोंदींवर ते उभं आहे.

चौथा प्रवाह मनाच्या वहीचा. अमेरिकेत इरा प्रोगॉफने १९६०च्या दशकात मोठ्यांसाठी सखोल आत्मलेखनाची पद्धत बसवली. कलोपचार करणाऱ्या लुसिया कापाकिओने यांनी १९७९ साली ‘द क्रिएटिव्ह जर्नल’ लिहिलं आणि नंतर तेच मुलांसाठी मांडलं. चित्र, रंग, न लिहित्या हाताने काढलेल्या रेघा. आज आपण वापरतो ते नाव बरंचसं त्यांनीच रुळवलं. १९८६ साली मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी सहकाऱ्यासह केलेला प्रयोग तर सगळीकडे सांगितला जातो. कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या जखमेविषयी लिहिलं आणि पुढच्या महिन्यांत दवाखान्याच्या त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. इथे मला सावध करावंसं वाटतं. तो प्रयोग तरुणांवरचा आहे. त्यावरून सात वर्षांच्या मुलीला बसवून ‘तुझं दुःख लिही’ म्हणायचं, हा आगाऊपणा आहे. वही औषध नाही. मन मोकळं झालं तर चांगलंच, पण त्यासाठी वही मागू नये.

पाचवा प्रवाह लेखकांनी आणि लेखन शिकवणाऱ्यांनी सुरू केलेला. डोनल्ड ग्रेव्हज यांचं १९८३चं पुस्तक न्यू हॅम्पशरच्या एका प्राथमिक शाळेत मुलं लिहिताना प्रत्यक्ष काय करतात, हे पाहून लिहिलेलं आहे. मुलांना विषय द्यायचा नाही, त्यांचा त्यांना शोधू द्यायचा आणि शिक्षकाने शेजारी बसून त्याबद्दल बोलायचं, हे त्यांचं म्हणणं. चित्रकथाकार लिंडा बॅरी आपल्या विद्यार्थ्यांना रोज एका पानाचं काम देते. आज केलेल्या सात गोष्टी, पाहिलेल्या सात गोष्टी, कानावर पडलेलं एक वाक्य आणि एक झटपट चित्र. मिनिटं मोजून. या पुस्तकातला मोठा भाग यातूनच बेतलेला आहे. ‘काहीही लिही’ म्हटलं की मूल पेन्सिल चघळत बसतं. ‘आज बसमध्ये ऐकलेलं एक वाक्य लिही’ म्हटलं की लगेच हात चालतो. मोकळीक द्यायची तर तिला एक लहानसं दार लागतं.

आता लाल शाईबद्दल. खानदेशातलं, विदर्भातलं, पालघरच्या पाड्यावरचं मूल घरी ‘पानी’ म्हणतं आणि वहीतही ‘पानी’ लिहितं. आपण ‘न’भोवती वर्तुळ करतो. त्या वर्तुळाने मुलाला ‘ण’ शिकवला की नाही, कोण जाणे. तुझ्या घरी बोलतात ते चूक, एवढं मात्र नक्की शिकवलं. अहिराणी, मालवणी, वारली, गोंडी बोलणाऱ्या मुलाच्या वहीत घरची भाषा येणार. गोव्यातल्या मुलाच्या वहीत कोंकणी येणार. अमेरिकेतल्या मराठी शाळेत रविवारी येणारी मुलगी अर्धं वाक्य इंग्रजीत लिहिणार. या वहीत त्याला दुरुस्ती नाही. प्रमाण मराठी शिकवू नये असं मी म्हणत नाही, तिची जागा आहे आणि ती महत्त्वाची आहे. फक्त ती जागा ही नव्हे. दुरुस्ती कधी येते, याचं उत्तर ॲन फ्रँकच्या डायरीत आहे. १९४४च्या मार्चमध्ये लंडनहून रेडिओवर तिने ऐकलं, की युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या जमवल्या जाणार आहेत. चौदा वर्षांची ती मुलगी आपली डायरी पुन्हा लिहायला बसली. काटछाट केली, प्रसंग जुळवले, नावं बदलली. तिला कोणीही सांगितलं नव्हतं. वाचक येणार आहे, एवढं कळणं पुरेसं झालं.

मग पालकाने किंवा शिक्षकाने वाचावं की नाही? वही मुलाची आहे, तेव्हा दाखवायची की नाही हे ते ठरवेल. दाखवली तर चूक शोधण्याऐवजी प्रश्न विचारावा. ‘छान’ म्हणून पुढे जाऊ नये, कारण छान हाही एक शेराच. ‘तो कुत्रा मग कुठे गेला?’ हे विचारलं की मूल पुढचं पान लिहितं. काही शिक्षक वहीतच दोन ओळींचं उत्तर लिहितात, आपलंही काही सांगतात. माझ्या पाहण्यात यापेक्षा परिणामकारक युक्ती दुसरी नाही. चाळीस मुलांच्या वर्गात हे रोज जमत नाही. रोज पाच वह्या घ्याव्यात. मुलं आपली पाळी मोजून असतात.

एखाद्या वहीत मात्र असं काही वाचायला मिळतं की हात थांबतो. मारहाण, उपास, कोणी केलेला नकोसा स्पर्श. अशा वेळी ते शिक्षकांच्या खोलीत चर्चेला नेऊ नये. मुलाशी एकट्याने, शांतपणे बोलावं. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे, आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. ही गोष्ट मुलालाही आधी सांगून ठेवावी, की वही तुझी आहे, पण तू धोक्यात आहेस असं कळलं तर मी गप्प राहणार नाही. गुपित राखण्याचं वचन देऊन मग ते मोडणं फार वाईट.

आजच हे पुस्तक का? मोबाइलविरुद्ध कंठशोष करणाऱ्यांची कमी नाही, मी त्यांत भर घालत नाही. वेगळीच एक अडचण उभी राहिली आहे. ‘माझा आवडता सण’ यावर दोनशे शब्द आता कोणतंही यंत्र क्षणात लिहून देतं आणि ते आपल्या मार्गदर्शकांतल्या निबंधांइतकंच निर्दोष आणि निर्जीव असतं. म्हणजे ज्या लिहिण्यासाठी आपण मुलांना वर्षानुवर्षं राबवलं, ते लिहिणं फुकट झालं. उरलं ते फक्त त्या मुलाला ठाऊक असलेलं. त्याच्या गल्लीतल्या गणपतीच्या वर्गणीवरून झालेली मारामारी, फराळ करताना आईचं भाजलेलं बोट. त्यासाठी अजून तरी त्याच्याकडेच जावं लागतं.

बाजाराने ही गरज हेरली आहेच. चकचकीत कव्हरं, स्टिकर, चिकटपट्ट्या, ‘आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे’ असे छापील प्रश्न. पाचशे रुपयांच्या वहीत मूल घाबरत घाबरत लिहितं, पान वाया जाईल म्हणून. रद्दीतले पाठकोरे कागद मोठ्या सुईने शिवले की काम होतं.

या पुस्तकात वयोगटांप्रमाणे केलेले खेळ आहेत, पण तो अभ्यासक्रम नाही. कोणतंही पान उघडून सुरुवात करावी. अक्षरओळख न झालेल्या मुलांसाठी सांगून लिहवून घेण्याची वही आहे. मोठ्यांसाठी नकाशे, खोटी वर्तमानपत्रं, प्राण्यांच्या तक्रारी, रानातल्या नोंदी आहेत. लिहायला न आवडणाऱ्या मुलांसाठी आवाज आणि चित्रांचा स्वतंत्र भाग आहे, आणि माझ्या मते पुस्तकातला तोच सर्वांत कामाचा. मुलं मध्येच वही टाकून देतात, महिना-महिना हात लावत नाहीत. त्याचं काय करायचं, यावरही लिहिलं आहे. थोडक्यात उत्तर : काही करायचं नाही. या वहीने परीक्षेतले गुण वाढतील, मूल लेखक होईल, असं आश्वासन हे पुस्तक देत नाही. मुलांच्या पानांचे फोटोही यात छापलेले नाहीत. ती पानं त्यांची आहेत.

पालकांना आणि शिक्षकांना एकच विनंती. मुलासाठी वही आणाल तेव्हा स्वतःसाठीही एक आणा आणि त्याच्या समोर बसून लिहा. निदान पहिले तीन महिने त्याच्या वहीतलं एकही अक्षर सुधारू नका.